काड्यांची वही : अंजीर, डाळिंब, पेरू

६ जानेवारी

विहिरीकडचा धुरा, म्हणजे शेताचा बांध, रिकामा पडला आहे, साधारण तीनशे फूट. संत्र्याची वाळलेली झाडं काढल्यापासून तिथं नुसतं कुंदा आणि गाजरगवत. अंजीर आणि डाळिंब लावायचं ठरलं आहे. अंजिराच्या एका रोपाचे नर्सरीवाल्यानं ८० रुपये सांगितले. आपल्या आवारात अंजिराचं जुनं झाड आहे, डाळिंबाची तीन आहेत, आणि शेजारच्या वाड्यात गुलाबी गराचा पेरू आहे. काड्या फुकट मिळणार. म्हणून ही वही.

नियम एकच केला आहे. लावलेली प्रत्येक काडी लिहायची, मेलेलीसुद्धा. आर्वी तालुक्यात "मी नुसती खोचली अन् लागली" असं सांगणारा माणूस दर घरी एक निघतो. खोचल्या किती होत्या, ते मात्र कोणालाच आठवत नाही.

८ जानेवारी

हे विचारत होते, संत्र्याच्याच काड्या का नाही लावत? कारण संत्र्यात आपल्याला मुळं वेगळ्याची हवी असतात आणि फळ वेगळ्याचं. शेंदुरजनाघाटकडच्या रोपवाटिकांमध्ये जंबेरी लिंबाचं रोप वाढवतात, जमिनीपासून वीतभर वर इंग्रजी टी सारखी चीर देऊन त्यात नागपुरी संत्र्याचा डोळा, म्हणजे फांदीवरचा न फुटलेला कोंब, भरतात. जंबेरी जोमदार, पण मूळकुज आणि डिंक्याला नाजूक. रंगपूर लिंबाचा खुंट, म्हणजे खालचं मुळाचं रोप, त्या मानानं काटक. हे निवडायची सोय डोळा भरण्यात आहे. काडीला जी मुळं फुटतील ती तिची स्वतःची, त्यात निवड नाही. अंजीर-डाळिंबाला ती अडचण नाही, दोन्ही आपल्याच मुळावर बरी चालतात.

आंबा, चिकू, सीताफळ यांच्या वाटेला मी जाणार नाही. काडीतून लागणं फार अवघड, आणि मला धुरा भरायचा आहे.

१० जानेवारी

वाफा केला. सकाळी सहाला रेतीत थर्मामीटर खुपसला तर १३ अंश. मुळं फुटायला काडीच्या बुडाशी २४-२५ अंश तरी पाहिजे. वरून थंडी असली तर उलट बरं, डोळे उशिरा फुटतात आणि खालच्या कामाला वेळ मिळतो. थोडक्यात काडीचे पाय गरम आणि डोकं थंड ठेवायचं.

पुस्तकात विजेची गरम पट्टी सांगतात. आमच्याकडे एक आठवडा मोटारीला रात्रीची लाईट, एक आठवडा दिवसाची. त्या भरवशावर गरम पट्टी कोण लावणार? कोठ्यामागं दीड फूट खड्डा खोदला, त्यात ताजं शेण आणि कुटार थर देऊन दाबलं, पाणी शिंपडलं. वर सहा इंच धुतलेली रेती. रेतीवर आधी उकळतं पाणी ओतून घेतलं, दोन घमेली गार होऊ दिली, मग पसरली. शेण आतून तापेल. दोन दिवस थांबायचं, कारण सुरुवातीला ते जरा जास्तच तापतं.

११ जानेवारी

आज औषध केलं. औषध म्हणजे आयबीए, पूर्ण नाव इंडोल ब्युटिरिक ॲसिड. झाड स्वतःच शेंड्याकडे ऑक्सिन नावाचं जे वाढीचं द्रव्य तयार करतं आणि खाली पाठवतं, त्याच्याच कुळातला हा पदार्थ. मुळं फुटायला तो चालतो हे १९३५ मध्ये अमेरिकेतल्या बॉइस थॉम्प्सन इन्स्टिट्यूटच्या झिमरमन आणि विल्कॉक्सन यांनी दाखवलं. नव्वद वर्षं जुनी गोष्ट, पण तालुक्याच्या दुकानात मागितली तर आधी तणनाशकाची बाटली पुढं आली. नंतर मुळ्या फुटायची तयार पावडर म्हणून एक डबी निघाली. तिच्यावर तारीख नाही, प्रमाण नाही. परत दिली. शेवटी नागपूरहून प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानातून एक ग्रॅमची कुपी मागवली.

आता मोजायचं कसं? मला २००० पीपीएम पाहिजे, म्हणजे लिटरला २ ग्रॅम. मी १०० मिलीच करणार, म्हणजे ०.२ ग्रॅम. घरचा काटा पाच ग्रॅमच्या खाली डोळे मिटतो. म्हणून कुपी घेऊन सोनाराकडे गेले. त्याचा काटा काचेच्या पेटीत, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा. काट्यावर बटर पेपर ठेवला, शून्य केलं आणि मी दातकोरणीनं ती पांढरी भुकटी कणाकणानं टाकत होते. ०.१७. ०.१८. पंख्याच्या वाऱ्यानं आकडा नाचायला लागला, तेव्हा त्यानं पंखा बंद केला. बाहेर दोन बाया मंगळसूत्र घेऊन थांबलेल्या.

"ताई, हे काय तोलून राह्यल्या? सोन्याहून महाग हाये का?"

"मुळं फुटायची दवाई आहे."

"कोनाले?"

"अंजिराले."

त्यानं पैसे घेतले नाहीत. एक रोप द्यायचं कबूल केलं आहे.

आयबीए पाण्यात विरघळत नाही, स्पिरिटात विरघळतं. आमचा वर्धा जिल्हा दारूबंदीचा. मेडिकलवाल्याकडे स्पिरिट मागितलं की तो आधी चेहरा बघतो, मग चिठ्ठी. आयसोप्रोपिल अल्कोहोल म्हटल्यावर मात्र पटकन काढून दिलं. ५० मिलीत भुकटी टाकली, चमच्यानं फिरवली, दोन मिनिटांत नाहीशी झाली. मग हळूहळू ५० मिली फिल्टरचं पाणी. खोकल्याच्या औषधाच्या तपकिरी बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवलं. बाटली खोकल्याचीच दिसते म्हणून वर लाल स्केचपेननं 'विष' लिहिलं आणि झाकणावर चिकटपट्टी गुंडाळली. घरात म्हातारी माणसं आहेत.

१४ जानेवारी

संक्रांतीचा दिवस. तिळगूळ सकाळी उरकला आणि अकरापर्यंत काड्या कापल्या.

अंजीर: मागच्या वर्षीची फांदी, पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब, चार डोळ्यांची. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, तिरपा. वरचा काप डोळ्याच्या बोटभर वर, आडवा. तिरपं म्हणजे बूड आणि आडवं म्हणजे डोकं, अशी खूण. अंजिराचा चीक फार. कापलेल्या काड्या बादलीत बुडं बुडवून अर्धा तास ठेवल्या, चीक वाहून जाऊ दिला, मग पुसल्या. तरी संध्याकाळपर्यंत बोटांच्या बेचक्यात खाज होतीच.

डाळिंब: वर्षभराचं पक्कं लाकूड, काटे काढून. आपल्या तीन झाडांवर तेल्या नाही, हे पानापानानं पाहून घेतलं. तेल्या जिवाणूचा रोग आहे, काडीबरोबर सरळ नव्या बागेत जातो. दुसऱ्या गावच्या फुकटच्या काड्या म्हणूनच नाकारल्या, त्या काकूंना राग आला तरी.

अंजिराच्या १०० काड्या, वीस-वीसचे पाच गट: नुसतं पाणी; आयबीए, पाच सेकंद बुडवून; मध; कोरफडीचा गर; आणि नारळाच्या पाण्यात रात्रभर ठेवलेल्या. डाळिंबाच्या ६०, तीन गट: पाणी, आयबीए, कोरफड. आयबीएमध्ये बूड फक्त पाऊण इंच बुडवायचं आणि मनात पाच मोजायचे. जास्त वेळ ठेवलं तर स्पिरिट साल जाळतं. वाटीत थोडंच काढून घेतलं, उरलेलं बाटलीत परत ओतलं नाही.

पाणी-गटाच्या काड्या थोरल्यानं लावल्या. अकरावीला आहे, जीवशास्त्र त्याचा आवडता विषय म्हणतो.

आत्याबाई ओट्यावरून बघत होत्या. "काहून व, काड्याइले मेंदी लावून राह्यली का?" कोरफडीच्या गटाबद्दल होतं ते.

१७ जानेवारी

मधाच्या गटात मुंगळे. रेतीतून वाट काढून थेट बुडापर्यंत गेले, चार काड्या उघड्या पडल्या. मधात मूळ फुटवणारं तसं काही नाही. तो जंतू आवरतो, एवढाच त्याचा उपयोग, आणि इथं त्यानं सगळ्या कोठ्यातल्या मुंगळ्यांना आमंत्रण दिलं. वाफ्याभोवती हळद टाकली. थोडे कमी झाले.

२ फेब्रुवारी

अंजिराचे डोळे फुटले! जवळजवळ सगळ्याच गटांत. कोंबडीच्या नखाएवढी हिरवी टोकं. नारळाच्या पाण्याचा गट सगळ्यांच्या पुढं.

४ फेब्रुवारी

सकाळी वाफ्यावर गेले तर आत्याबाईंच्या हातात दोन काड्या.

"पानं तं फुटले नं! मंग मुया कायले नाही?"

रागावणार होते, पण मलाही बघायचंच होतं. दोन्हींच्या बुडाला पांढरट, ओल्या पोह्यासारखा दाणेदार गोळा. मूळ एकही नाही. हा गोळा म्हणजे जखम भरून आलेली, पुढं मूळ येईलच असा तो शब्द देत नाही. पानं काडीतल्या साठ्यावर फुटतात, मुळाची त्यांना गरज नसते. टोपलीत पडलेल्या कांद्यालाही कोंब येतोच की.

दोन काड्या बाद. एक नारळाची, एक कोरफडीची. वहीत मेलेल्यांतच धरते.

१२ फेब्रुवारी

वाफ्याच्या रेतीत २६ अंश. शेण अजून काम करतं आहे.

२४ फेब्रुवारी

दोन दिवसांत हवा बदलली. दुपारी कोरडा वारा, ओठ फुटतात तसला. नारळ-गटाची पानं सकाळी ठीक होती, चार वाजता माना टाकल्या. पाणी घालून उठली नाहीत. वीसपैकी अकरा एकाच आठवड्यात गेली. वर सगळ्यात जास्त पालवी त्यांचीच होती, आणि खाली प्यायला काही नाही. नारळाच्या पाण्यात कोंब फुटवणारी द्रव्यं असतात, ती मुळाच्या कामाची नव्हेत. या एका गटावरून मोठं काही बोलू नये, पण मी पुन्हा नारळ फोडणार नाही. प्यायला फोडीन.

कलम बांधणारे काका संत्र्याच्या कामाला शेजारी आले होते. वाफा पाहून म्हणाले, "बाई, काडी मेली हे तिले महिनाभर माहीत नसते." अर्धा तास बसले, चहा घेतला, सिकेटरचं पातं बघून नापसंती दाखवली. बोथट कात्रीनं साल चेंगरते आणि चेंगरलेल्या सालीला कुज लागते, एवढं सांगून गेले.

९ मार्च

मोजणी. आज सगळ्या काड्या काढल्या. उपटायच्या नाहीत. नळी लावून रेती वाहून जाऊ द्यायची, मग काडी आपोआप मोकळी होते. पहिल्या तीन मी ओढल्या होत्या, तिन्हींची मुळं रेतीतच राहिली. कच्ची मुळं शेवईसारखी, हात लागला की तुटतात.

अंजीर, वीसपैकी मुळं फुटलेल्या: पाणी ११, आयबीए १६, मध ९, कोरफड १२, नारळ ६.
डाळिंब, वीसपैकी: पाणी ५, आयबीए १३, कोरफड ६.

संध्याकाळी हे आकडे ह्यांना दाखवले. आयबीए जिंकलं, असं म्हणून वही मिटली.

१० मार्च

वही मिटायला नको होती.

मेलेल्या काड्या चुलीत घालण्याआधी एकेक पाहत होते. पाणी-गटाच्या नऊ मेलेल्या. त्यांतल्या सहांना तिरपा काप वर आणि आडवा काप खाली. म्हणजे उलट्या लावलेल्या! थोरल्याला बोलावलं. त्यानं काडी हातात घेतली, फिरवली, परत फिरवली. "आई, ते... मोबाईलवर गाणं चालू होतं."

ऑक्सिन शेंड्याकडून बुडाकडेच जातं. काडी उलटी केली म्हणून त्याची वाट उलटी होत नाही. ज्याला आपण आता बूड म्हणतो आहोत, ते काडीच्या लेखी डोकंच राहतं. हे त्याच्याच पुस्तकात आहे. त्यानं मुकाट्यानं वाचून दाखवलं.

पण मग हिशोबच बदलतो. सरळ लावलेल्या चौदा, त्यांतल्या अकरा लागल्या. आयबीएच्या वीसपैकी सोळा. चौदाला अकरा आणि विसाला सोळा, फरक काहीच नाही! अंजिराला औषध लागतच नाही, असं ही वही म्हणते. कालच्या रात्री मी उलटंच सांगून बसले होते.

फरक दुसरीकडे आहे. पाण्याच्या काडीला दोन-तीन मुळं, तीही एका बाजूला, तिरप्या कापाच्या खालच्या टोकाशी. आयबीएच्या काडीला बुडाभोवती गोल, आठ-दहा. ती रोपं वाऱ्यात उभी राहतील, असं वाटतं. डाळिंबाचा फरक मात्र खरा, तिथं काड्या उलट्या नाहीत, मी दोनदा पाहिलं. वीसला पाच आणि वीसला तेरा. डाळिंबाला औषध द्यायचं. अंजिराला दिलं तर चालेल.

कोरफडीनं दोन्हीकडे पाण्यापेक्षा फारसं जास्त काही केलं नाही. मेंदीचा उपयोग तेवढाच.

१५ मार्च

एकूण अंजिराची ५४ आणि डाळिंबाची २४ रोपं पिशव्यांत. माती एक भाग, रेती एक भाग, जुनं शेणखत एक भाग. आपली काळी माती एकटी भरली तर पिशवी विटेसारखी होते.

१९ मार्च

पिशव्या सरळ कडुलिंबाखाली नेऊन ठेवल्या होत्या. सात गेल्या. चूक माझी. वाफ्यावर पोत्याचा आडोसा होता, ओलावा होता, तिथून एकदम बाहेर. आता उरलेल्यांवर पन्नी, सकाळी एक तास उघडी, उद्या दोन तास, असं वाढवत नेते.

६ एप्रिल

पेरू. पेरूला पक्कं लाकूड चालत नाही असं सगळे सांगतात, म्हणून यंदाची अर्धी कोवळी फांदी घेतली. चार इंचाची काडी, वर दोन पानं, तीही कात्रीनं निम्मी कापून. पान पाहिजे, कारण अन्न तेच करतं. पण पूर्ण पान पाणी फार उडवतं. बुडाला दोन बाजूंनी सालीवर बारीक उभ्या चिरा दिल्या. आयबीए या वेळी ४००० पीपीएम, सोनाराकडे परत जाऊन आले. त्यानं रोपाची आठवण करून दिली.

तीस काड्या, वीस औषधाच्या आणि दहा विनाऔषध. बांबूच्या कमानी, वर पन्नी, लिंबाच्या सावलीत.

९ एप्रिल

पन्नीच्या आत दुपारी दोनला ४७ अंश. बाहेर ४२. तिसही शिजल्या. पानं उकळलेल्या पालकासारखी, वास तसाच. तीनशे रुपयांचं नवं तापमान-आर्द्रतेचं मीटर घेतलं ते बरं झालं, नाहीतर दोष पेरूला दिला असता. बाहेर आर्द्रता १४ टक्के.

इथं सगळी अडचण आहे. पन्नी काढली तर हवा काडीतलं पाणी ओढून घेते, पन्नी घातली तर काडी शिजते. कोकणातला किंवा डोंगराळ भागातला माणूस जे सहज करतो, ते इथं मार्चनंतर होत नाही.

१२ एप्रिल

रात्री कूलरमध्ये पाणी भरताना सुचलं. कूलर म्हणजे दुसरं काय? ओल्या ताट्यांतून वारा ओढायचा, पाणी उडवायचं, हवा गार आणि ओली करायची. मीटर समोरच्या खोलीत ठेवलं. बाहेर ४१, आत ३०. आर्द्रता ५८ टक्के. काडीला पाहिजे ते आमच्या समोरच्या खोलीत आठ दिवसांपासून फुकट चालू आहे.

पारदर्शक झाकणाचा मोठा डबा, धान्याचा, आत चार इंच कोकोपीट आणि रेती निम्मे-निम्मे. पेरूच्या नव्या तीस काड्या. डबा पूर्वेच्या खिडकीत, ऊन थेट नाही पण उजेड भरपूर. कूलरचा वारा डब्यावरून जातो. झाकणाच्या आत ९० टक्क्यांवर आर्द्रता, तापमान २९.

मामाजींची खाट खिडकीशी असायची, ती दारापाशी सरकली. "मानसाले कूलर नाही अन् काड्याइले कूलर! बरं हाये बाप्पा." दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी झाकणावरचे थेंब त्यांनीच पुसले आणि मला येऊन सांगितलं की आतली तीन नंबरची काडी काळी पडते आहे.

२५ एप्रिल

लाईट चार तास गेली. डबा ओल्या पोत्यात गुंडाळून माजघरात ठेवला. मातीची भिंत, आत ३३. वाचल्या.

मामाजी आता रोज सकाळी झाकण उघडून पाच मिनिटं हवा देतात. वहीत बारीक अक्षरात त्यांची नोंद असते.

१८ मे

पेरू: तीसपैकी मुळं फुटलेल्या ४. चारही औषधाच्या. विनाऔषधाच्या दहांपैकी शून्य. बाकीच्यांवर पानं हिरवीगार होती पाच आठवडे, आणि खाली नुसता तोच पोह्यांचा गोळा. कलमवाल्या काकांचं वाक्य आठवलं.

चार रोपांसाठी तीस काड्या, कूलर आणि मामाजी. परवडत नाही.

२२ जून

पाऊस लागला. चौथ्या दिवशी मीटर ८४ टक्के दाखवतं, पन्नीशिवाय. हे फुकट मिळतं आहे तेवढ्यात करून घ्यायचं.

२७ जून

माहेराहून बिनबियांच्या लिंबाच्या काड्या आणल्या. कागदी लिंबू बियांपासूनही बहुतेक आईसारखंच येतं, पण ज्याला बीच नाही त्याला काडी किंवा कलम याशिवाय वाट नाही. २४ काड्या, दोन-दोन अर्ध्या पानांच्या, आयबीए २०००. ओसरीत, पन्नी नाही. सोबत डाळिंबाच्या आणखी ४०, सगळ्या औषधाच्या.

जानेवारीत गैरसोय थंडीची होती, आता कुजीची. काड्या आधी कार्बेन्डाझिमच्या पाण्यात बुडवल्या, लिटरला एक ग्रॅम.

१ जुलै

मूर्खपणा लिहून ठेवते. २७ तारखेलाच रेतीत ट्रायकोडर्माही मिसळला होता. ट्रायकोडर्मा म्हणजे जिवंत बुरशी, कामाची. आणि कार्बेन्डाझिम म्हणजे बुरशीनाशक, तेही ट्रायकोडर्माला फार वाईट. एका हातानं पाहुणा आणला आणि दुसऱ्या हातानं विष दिलं. एकच काहीतरी वापरायचं. ट्रायकोडर्माची पुडी वाया.

८ जुलै

पेरूला काडी सोडली, गुटी धरली. शेजारच्या वाड्यातल्या झाडावरच, बोटाएवढ्या फांद्या निवडून बारा जागी. इंचभर साल गोल काढायची आणि आतला निसरडा थर चाकूच्या पाठीनं खरवडून टाकायचा. तो राहिला तर साल परत जुळते आणि सगळं फुकट. वरच्या कडेला आयबीएची पेस्ट, कारण मुळं वरच्या कडेलाच येतात. पानातून खाली येणारं अन्न आणि ऑक्सिन तिथंच अडतं. शेवाळ मिळालं नाही. नारळाचा काथ्या रात्रभर भिजवून पिळून गुंडाळला, वर पन्नी, दोन्ही टोकांना सुतळी घट्ट.

गुटीत मला आवडतं ते हे की फांदी झाडावरच असते. मूळ येईपर्यंत तिला पाणी आई देते. हवेतल्या कोरडेपणाचा प्रश्नच येत नाही.

३० जुलै

दोन गुट्या माकडांनी फोडल्या. दहा उरल्या.

१४ ऑगस्ट

लिंबू: २४ पैकी १७. डाळिंब: ४० पैकी २६. जानेवारीतल्या वाफ्याशी तुलना केली तर डाळिंबाचं प्रमाण तेवढंच, पण या वेळी शेणाचा वाफा नाही, आडोसा नाही, मेहनत निम्मी. मेलेल्या चौदांपैकी अकरा बुडाशी काळ्या. ओसरीच्या पन्हाळीखाली होत्या त्याच.

२० ऑगस्ट

आत्याबाईंनी आज रांजणाच्या तिवईखालून एक अंजिराची काडी आणून दाखवली. मस्त मुळं, हातभर पालवी. "म्या काही लावलं नाही हं. पानी ठिबकते तिथं खोचली होती."

विचारलं, किती खोचल्या होत्या? म्हणाल्या, "होत्या सात-आठ. वाळल्या त्या चुलीत घातल्या."

वहीत लिहिलं: रांजण, पाणी, आठपैकी एक. त्यांना ते आवडलं नाही. एक आलीच ना, म्हणत होत्या. काडी मात्र धुऱ्यावर पहिली तीच लावायची असं ठरलं आहे, आणि त्याला माझी हरकत नाही. मुळं खरोखर चांगली आहेत.

३० ऑगस्ट

पोळा झाला. धुऱ्यावर खड्डे सुरू. काळ्या मातीत पाणी तुंबतं, अंजिराला ते सोसत नाही, म्हणून खड्ड्याऐवजी फूटभर उंच मातीचे ओटे केले. अंतर अंजिराला पंधरा फूट, डाळिंबाला दहा.

आज १२ अंजीर लावले. तीनशे फुटांत सगळी बसणार नाहीत, डाळिंबालाही जागा पाहिजे. उरलेली रोपं वाटायची. सोनाराचं रोप नेऊन दिलं. त्यानं ते दुकानासमोर रंगाच्या डब्यात लावलं. डब्याला खालून भोक पाडायला सांगितलं, तिथंच उभं राहून पाडून घेतलं.

७ सप्टेंबर

दोन गुट्यांच्या पन्नीआड पांढरी मुळं दिसतात. अजून तपकिरी झाली नाहीत, थांबायचं. बाटलीत ३० मिली आयबीए उरलं आहे, रंग पिवळसर झालाय, पुढच्या जानेवारीला नवं करणार.

१९ सप्टेंबर

दहापैकी सात गुट्या मुळांनी भरल्या. मुळं तपकिरी, काथ्यातून बाहेर डोकावणारी. दोनमध्ये साल परत जुळली, म्हणजे मीच नीट खरवडलं नव्हतं. एक कोरडी.

सात उद्या सकाळी कापायच्या. निम्मी पानं काढून, पिशवीत, आठ दिवस ओसरीत. सिकेटर धार लावायला दिला आहे, संध्याकाळी आणायचा.